मोह, न्याय आणि कृपा : ऑगस्टीन व पेलेजियस यांचा वाद



माणूस चुकतो, हे सांगायला कोणत्याही धर्माची गरज नाही. तो अनुभव प्रत्येकाच्या पदरी असतोच. धर्माचा खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. चुकणारा माणूस स्वतःच्या बळावर सुधारू शकतो काय? शकत असेल, तर त्याने देवापुढे हात का पसरावेत? आणि शकत नसेल, तर देवाने त्याचा न्याय तरी कोणत्या न्यायाने करावा?

ख्रिस्ती धर्माच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासात हे प्रश्न पुन्हापुन्हा उभे राहिले. परंतु पाचव्या शतकाच्या आरंभी ते ज्या निकराने लढविले गेले, तसे त्यापूर्वी कधी लढविले गेले नव्हते. एका बाजूला होता उत्तर आफ्रिकेतील हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टीन, आणि दुसऱ्या बाजूला होता ब्रिटनमधून रोमला आलेला पेलेजियस नावाचा विरक्त पुरुष. दोघेही सच्छील, दोघेही विद्वान, आणि दोघेही ख्रिस्ताचे निष्ठावंत भक्त. तरीही एकाचे म्हणणे मान्य केले की दुसऱ्याचा धर्म उरत नाही, असा तो वाद होता. आज त्याची हकीकत आपल्यापुढे ठेवावयाची आहे. ती मी धर्मोपदेशकाच्या भूमिकेतून सांगत नाही, इतिहासाचा वाचक ह्या नात्यानेच सांगतो.

तीन शब्द

आधी शब्दांची फोड करून घेऊ. 'मोह' ह्या अर्थी नव्या करारात जो ग्रीक शब्द येतो, त्यात भुरळ आणि कसोटी असे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. म्हणूनच येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत मराठी बायबलाने त्या जागी 'परीक्षा' हा शब्द योजिला आहे. येशूला स्वतःलाही मोहाला तोंड द्यावे लागले, असे शुभवर्तमान सांगते. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर अरण्यात सैतान त्याला धोंड्यांच्या भाकरी करण्यास सांगतो, मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास सांगतो, आणि शेवटी जगातील सर्व राज्ये देऊ करतो. हे मोह पाहिले तर त्यांत बीभत्स असे काहीच नाही. भूक भागावी, देवाने आपली पाठराखण करावी, सत्ता हाती यावी, ह्या तशा सभ्य माणसाच्याच इच्छा आहेत. मोह पुष्कळदा असा सभ्य वेषातच येतो.

'न्याय' म्हणजे अखेरच्या दिवशी होणारा न्याय. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याचे जे चित्र आहे, त्यात माणसाला त्याच्या मतांविषयी काही विचारलेले नाही. भुकेल्याला खावयास दिलेस काय, परक्याला घरात घेतलेस काय, बंदिवानाच्या भेटीस गेलास काय, एवढीच चौकशी तेथे आहे.

आणि तिसरा शब्द 'कृपा'. लॅटिनमध्ये कृपेला 'ग्रात्सिया' म्हणतात, आणि 'विनामूल्य' ह्या अर्थाचा त्या भाषेतील शब्द त्याच शब्दापासून निघालेला आहे. जे कमावलेले नाही, ज्यावर आपला हक्क नाही, तरी जे मिळते, ती कृपा. मजुरी मागता येते, कृपा मागता येत नाही, ती स्वीकारावी लागते. सारा वाद ह्या एका भेदावर उभा आहे.

पेअरच्या झाडाखाली

ऑगस्टीनचा जन्म इ. स. ३५४ मध्ये थागास्ते ह्या लहानशा गावी झाला. हे गाव आजच्या अल्जीरियात आहे. बाप जुन्या देवतांना मानणारा, आई मोनिका कडवी ख्रिस्ती, आणि घरची स्थिती बेताची. मुलगा बुद्धिमान निघाला, म्हणून ओढाताण करून त्याला शिकविले. पुढे तो कार्थेजला गेला, तेथून रोमला, आणि ३८४ मध्ये मिलान येथे वक्तृत्वशास्त्राचा सरकारी अध्यापक झाला. मिलान तेव्हा सम्राटाच्या दरबाराचे ठिकाण होते. थागास्तेच्या मुलाने ह्यापेक्षा अधिक काय मिळवावे?

ह्या माणसाने वयाच्या पंचेचाळिशीच्या आसपास आपले आत्मवृत्त लिहिले. 'कन्फेशन्स' ह्या नावाने ते जगभर प्रसिद्ध आहे. त्यात तो आपल्या सोळाव्या वर्षीची एक गोष्ट सांगतो. शेजारी पेअर ह्या फळाचे एक झाड होते. फळे दिसायला चांगली नव्हती आणि चवीलाही नव्हती. घरी त्याहून सरस फळे होती. तरी हा आणि ह्याचे सोबती रात्री जाऊन ते झाड झोडपून आले, आणि फळे नेऊन डुकरांपुढे टाकली. बस्स, एवढीच गोष्ट. आपल्याकडे कैऱ्या-चिंचा पाडणाऱ्या पोरांनी असे किती वेळा केले असेल! ऑगस्टीन मात्र ह्या क्षुल्लक चोरीवर पानेच्या पाने खर्च करतो. कारण त्याला एक गोष्ट छळीत असते. भूक नव्हती, गरज नव्हती, लाभ नव्हता. मग आपण ते का केले? त्याला सापडलेले उत्तर असे, की जे करू नये ते करण्यातच गोडी होती. आणि एकटा असतो तर केले नसते, सोबत्यांपुढे मागे राहण्याची लाज वाटली म्हणून केले.

अलिपियस नावाच्या आपल्या मित्राचीही एक हकीकत तो सांगतो. रोममध्ये माणसांना एकमेकांशी मरेपर्यंत झुंजविण्याचे खेळ चालत. अलिपियसला त्यांचा तिटकारा होता. एके दिवशी मित्रांनी त्याला ओढून तेथे नेले. तो म्हणाला, माझे शरीर न्याल, पण डोळे आणि मन कसे न्याल? तो डोळे घट्ट मिटून बसला. इतक्यात कोणी एक लढवय्या पडला आणि हजारो कंठांतून आरोळी उठली. अलिपियसला वाटले, काय झाले ते एकदा पाहू आणि पाहूनही त्याचा धिक्कार करू. त्याने डोळे उघडले मात्र, रक्त पाहताच तो त्याचा धुंद चाहता होऊन गेला. पुढे तोच इतरांना तेथे नेऊ लागला. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. आपल्या निश्चयाच्या भिंतीला कोठे भोक आहे, हे ती भिंत बांधणाऱ्यालाच ठाऊक नसते. हा अलिपियस पुढे बिशप झाला, हेही सांगितले पाहिजे.

ऑगस्टीनचे स्वतःचे दुखणे वेगळे होते. सत्य कळूनही तो वळत नव्हता. विकार सुटावेत अशी प्रार्थना तो तरुणपणी करी, पण मनात धास्ती अशी की देवाने ती लगेच ऐकली तर काय करावे! तो सुमारे नऊ वर्षे मानी ह्या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथात राहिला. त्या पंथाचे मत असे, की प्रकाश आणि अंधकार ही दोन तत्त्वे स्वतंत्र असून माणसात पाप करतो तो अंधकार, माणूस स्वतः नव्हे. ही पळवाट सोयीची होती, पण टिकली नाही. ३८६ च्या उन्हाळ्यात मिलान येथील एका बागेत तो रडत बसला असता शेजारच्या घरातून, उचल आणि वाच, अशा अर्थाचे एका बालकाचे शब्द त्याच्या कानी आले. त्याने संत पौलाची पत्रे उघडली, समोर आलेला उतारा वाचला, आणि इतकी वर्षे न सुटलेली गाठ सुटली. ३८७ च्या ईस्टरला बिशप अँब्रोज ह्याने त्याला बाप्तिस्मा दिला.

ह्या अनुभवातून ऑगस्टीन एका निष्कर्षाला आला आणि जन्मभर त्याला चिकटून राहिला. आपण स्वतःला बदलले नाही, आपल्याला बदलविले गेले. इच्छा आपली होती, पण ती इच्छा दुभंगलेली होती, आणि तिला एकसंध करणारा हात आपला नव्हता.

न्याय करणाराही माणूसच

३९१ मध्ये ऑगस्टीन सहज म्हणून हिप्पोला गेला असता तेथील मंडळीने त्याला धरून बळेच धर्मगुरू केले, आणि चार-पाच वर्षांनी तो तेथला बिशप झाला. बिशपाला त्या काळी लोकांचे दिवाणी तंटेही सोडवावे लागत. शेताच्या हद्दी, वारसाहक्क, देणी-घेणी ऐकण्यात त्याची सकाळ जाई, कधी सारा दिवस उपाशी जाई, असे त्याचा शिष्य आणि चरित्रकार पोसिडियस सांगतो. तेव्हा न्याय हा त्याच्या दृष्टीने केवळ प्रवचनाचा विषय नव्हता, तो त्याचा रोजचा उद्योग होता.

त्या काळी आफ्रिकेतील ख्रिस्ती समाज उभा दुभंगलेला होता. इ. स. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लीशियन ह्याने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला, तेव्हा काही धर्मगुरूंनी भीतीने पवित्र ग्रंथ शिपायांच्या हवाली केले. छळ संपल्यावर प्रश्न आला, की अशा भ्रष्टांनी दिलेली दीक्षा खरी काय? डोनाटसच्या अनुयायांनी उत्तर दिले, नाही. मंडळी शुद्धांचीच असली पाहिजे. आपण शुद्ध आणि पलीकडचे विटाळलेले, ही भाषा आपल्यालाही अनोळखी नाही. ऑगस्टीनचे उत्तर येशूच्या एका दृष्टान्तावर आधारलेले होते. शेतात गहू आणि निदण एकत्र वाढतात आणि त्यांची निवड कापणीच्या वेळी होते. कापणी करणारा देव आहे, आपण नव्हे. मंडळी हे पुण्यवंतांचे संमेलन नसून आजाऱ्यांचे रुग्णालय आहे, असे त्याच्या एकंदर शिकवणुकीचे तात्पर्य काढता येईल.

४११ मध्ये कार्थेज येथे दोन्ही पक्षांची मोठी परिषद भरली. साडेपाचशेहून अधिक बिशप जमले होते. सम्राटाने नेमलेला मार्सेलिनस नावाचा अधिकारी अध्यक्षस्थानी होता, आणि त्याने डोनाटसपंथीयांच्या विरुद्ध निकाल दिला. हा मार्सेलिनस धर्मशील गृहस्थ असून ऑगस्टीनचा स्नेही होता. त्याच सुमारास डोनाटसपंथातील काही अत्याचाऱ्यांनी एका धर्मगुरूचा खून केला, आणि दुसऱ्याचा डोळा फोडून बोट तोडले. गुन्हेगार पकडले गेले, त्यांनी कबुलीही दिली. मेलेला आणि जखमी झालेला हे दोघेही ऑगस्टीनच्याच पक्षाचे होते. त्याने मार्सेलिनसला पत्र लिहिले, ते कशासाठी? ह्या लोकांना देहान्त शिक्षा देऊ नये, आणि डोळ्याबद्दल डोळा फोडू नये, ह्यासाठी. त्यांना अपाय करण्यापासून अवश्य रोखा, काही उपयुक्त कामाला लावा. पण ज्यांनी यातना सोसल्या त्यांच्या यातनांचे उट्टे अशा रीतीने काढू नका, असे त्याचे म्हणणे होते. प्रांताच्या मुख्य अधिकाऱ्यालाही त्याने ह्याच आशयाचे पत्र धाडले. तो मार्सेलिनसचा भाऊच होता.

थोड्याच काळाने मॅसेडोनियस नावाच्या दुसऱ्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने ऑगस्टीनला रोखठोक विचारले, की तुम्ही बिशप मंडळी गुन्हेगारांसाठी रदबदली करता, हा धर्म कसा? अशाने पापाला उत्तेजन नाही का मिळत? ऑगस्टीनने उत्तर दिले, की गुन्ह्याचा तिरस्कार आणि गुन्हेगाराची कीव ह्या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. सुधारण्याची जागा हे जीवनच आहे, ते हिरावून घेतले तर सुधारणा कोठे व्हावी? व्यभिचारी स्त्रीला धोंडमार करावयास आलेल्या जमावापुढे येशूने जो प्रश्न टाकला, त्याची आठवणही त्याने करून दिली. न्यायाधीशाने न्याय करू नये, असे तो म्हणत नाही. आपणही अपराधी आहोत, हे जाणून न्याय करावा, एवढेच त्याचे मागणे होते.

आणि दैवाची विचित्र गती पहा! ४१३ मध्ये आफ्रिकेत एक बंड झाले आणि मोडले गेले. त्यात सामील असल्याच्या संशयावरून मार्सेलिनस आणि त्याचा भाऊ ह्यांना कैद करण्यात आले. ऑगस्टीन स्वतः कार्थेजमध्ये होता. दयेचा अर्ज घेऊन एक बिशप दरबाराकडे गेलाही होता. परंतु ती वाट न पाहता सप्टेंबर महिन्यात दोघांचाही शिरच्छेद झाला. ज्याच्यापाशी इतरांसाठी दया मागितली, त्याच्यासाठी मागितलेली दया पोचली नाही. ऑगस्टीनने ताबडतोब कार्थेज सोडले. पुढच्याच वर्षी सम्राटाच्या फर्मानात मार्सेलिनसचे नाव सन्मानाने घेतले गेले. पण गेलेले शिर परत आले नाही.

पेलेजियसचा आक्षेप

मार्सेलिनसचा आपल्या विषयाशी आणखी एक संबंध आहे. आफ्रिकेत फैलावत असलेल्या काही नव्या मतांविषयी त्यानेच ऑगस्टीनकडे शंका पाठविल्या होत्या, आणि त्यांच्या उत्तरादाखल ४१२ च्या सुमारास ऑगस्टीनने ह्या वादातील पहिला ग्रंथ लिहिला. ती मते पेलेजियसच्या वर्तुळातून आली होती.

पेलेजियस रोममध्ये पुष्कळ वर्षे राहिला होता. ख्रिस्ती धर्म आता राजधर्म झाला होता, आणि त्यामुळे बाप्तिस्मा घेणे ही पुष्कळांना सोयीची गोष्ट झाली होती. नाव ख्रिस्ती, वर्तन पूर्वीचेच. अशा उमरावांच्या घराण्यांत पेलेजियस खऱ्या धर्माचरणाचा उपदेश करी. एकदा त्याच्यासमोर कोणा बिशपाने ऑगस्टीनच्या आत्मवृत्तातील एक प्रार्थना म्हटली. देवा, तू जे करावयास सांगतोस ते करण्याचे बळही तूच दे, अशा आशयाची ती आहे. ती ऐकताच पेलेजियस खवळला, असे स्वतः ऑगस्टीननेच पुढे नमूद करून ठेविले आहे.

पेलेजियस का खवळला, हे आपण सहानुभूतीने समजून घेतले पाहिजे. त्याचा युक्तिवाद साधा आणि सरळ होता. देव न्यायी आहे. न्यायी मालक नोकराला अशक्य काम सांगून मग ते झाले नाही म्हणून फटके मारीत नाही. ज्या अर्थी देवाने आज्ञा दिल्या आहेत, त्या अर्थी त्या पाळण्याची शक्तीही माणसाला जन्मतःच दिलेली आहे. आदाम चुकला तो आपल्यासाठी चुकला. त्याचे पाप आपल्या रक्तात उतरत नाही, त्याचे वाईट उदाहरण तेवढे आपल्यापुढे राहते, आणि दीर्घ सवयीने ते आपल्याला जखडते. कृपा त्यालाही मान्य होती. इच्छास्वातंत्र्य, धर्मनियम, ख्रिस्ताचा कित्ता आणि झालेल्या पापांची क्षमा हीच देवाची कृपा, असे तो मानी. पुढचे चालणे मात्र माणसाने आपल्या पायांनी चालावयाचे. ४१३ च्या सुमारास डेमेट्रियस नावाच्या थोर कुळातील एका कुमारिकेने आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतले, तेव्हा पेलेजियसने तिला लिहिलेले उपदेशपर पत्र उपलब्ध आहे. त्यात तो प्रथम मानवी स्वभावाचे सामर्थ्य सांगतो. आपल्याला काय शक्य आहे हे कळल्याशिवाय माणूस वाटेला लागत नाही, अशी त्याची श्रद्धा होती.

आपल्यापैकी बहुतेकांना पेलेजियसचेच म्हणणे पटेल. शाळेत, तालमीत, संसारात आपण मुलांना हेच सांगतो, की मनावर घे, जमेल. मग ऑगस्टीनला त्यात एवढे भयंकर काय दिसले?

त्याला दिसले ते असे. मनावर घेणारे मनच आजारी असेल तर काय? पेलेजियसचा धर्म हा बळकटांचा धर्म आहे. ज्याचा निश्चय टिकतो, त्याला तो शोभतो. पण जो दहा वेळा निश्चय करतो आणि दहा वेळा मोडतो, त्याला पेलेजियस म्हणणार, तुला शक्य होते, तू केले नाहीस. असे पाहिले तर स्वातंत्र्याचा हा पुरस्कर्ता कठोर न्यायाधीश ठरतो, आणि माणसाला परतंत्र म्हणणारा ऑगस्टीन पडलेल्याच्या शेजारी जाऊन बसतो. शिवाय यशस्वी झालेल्याचे काय? जो स्वतःच्या बळावर मोह जिंकतो, तो एका मोहाला मुळीच जिंकू शकत नाही, आणि तो म्हणजे आपण जिंकलो हा अभिमान.

दक्षिणेतील श्रीवैष्णवांत मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे दोन पक्ष झाले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. माकडिणीचे पिलू आईला घट्ट धरून बसते, म्हणजे धरण्याचे काम त्याचे. मांजरीच्या पिलाला मात्र आईच तोंडात धरून नेते. पेलेजियसचा माणूस तर माकडिणीच्या पिलाच्याही पुढे जाऊन स्वतःच्या पायांनी झाडावर चढतो. ऑगस्टीनचा माणूस मांजरीचे पिलू आहे. उपमा थोडी दूरची आहे, पण प्रश्न एकच आहे हे तीवरून ध्यानी येईल.

परिषदा आणि फर्माने

४१० च्या ऑगस्टमध्ये ॲलरिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटले, आणि इतर अनेकांबरोबर पेलेजियसही आफ्रिकेत आला. तो लवकरच पॅलेस्टाइनला गेला. पण त्याचा अनुयायी सेलेस्टियस कार्थेजमध्ये राहिला, आणि तेथील धर्मसभेने त्याला दोषी ठरविले. ४१५ च्या डिसेंबरात पॅलेस्टाइनमधील लिड्डा येथे बिशपांच्या सभेने पेलेजियसला निर्दोष ठरविले. आफ्रिकेच्या बिशपांनी ४१६ मध्ये दोन सभा भरवून त्याचा निषेध केला. रोमचा बिशप पहिला इनोसंट त्यांच्याशी सहमत झाला. पण ४१७ मध्ये तो वारला, आणि त्याच्या जागी आलेला झोसिमस प्रथम पेलेजियसच्या बाजूने झुकला. अखेर ४१८ च्या एप्रिलमध्ये सम्राट होनोरियसचे फर्मान निघाले आणि पेलेजियसपंथीयांना रोममधून हद्दपार करण्यात आले. पाठोपाठ कार्थेजच्या परिषदेचा निषेध आला, आणि मग झोसिमसनेही तोच निर्णय दिला. पेलेजियस ह्यानंतर इतिहासाच्या पानावरून दिसेनासा होतो.

येथे आपल्याला थोडे थांबले पाहिजे. कृपेचा महिमा सिद्ध करण्यासाठी शिपायाची गरज का पडावी? डोनाटसपंथीयांच्या बाबतीतही हेच घडले होते. ऑगस्टीन आरंभी बळजबरीच्या विरुद्ध होता. पुढे दंडाच्या भीतीने गावेच्या गावे परत आलेली त्याने पाहिली, आणि त्याचे मत पालटले. मेजवानीच्या दृष्टान्तातील धनी लोकांना आग्रहाने आत आणावयास सांगतो, त्या वचनाचा आधार घेऊन त्याने राजसत्तेच्या सक्तीचे समर्थन केले. देहान्त शिक्षेला त्याचा विरोध कायम राहिला, हे खरे. पण त्याने उघडलेल्या दारातून पुढच्या शतकांत त्याच्याइतकी दया नसलेली माणसे आत आली. इतरांना मोह ओळखायला शिकविणाऱ्या ह्या पुरुषाला सत्तेच्या साह्याचा मोह ओळखता आला नाही. अरण्यातील तिसरा मोह तोच नव्हता काय?

तर्काची कडू फळे

जय मिळाला तरी वाद संपला नाही. इटलीतील अठरा बिशपांनी पेलेजियसच्या निषेधावर सही करण्याचे नाकारले. त्यांतला एक्लानमचा तरुण बिशप ज्युलियन हा पेलेजियसपेक्षाही तिखट होता. त्याने म्हातारपणी ऑगस्टीनला गाठले आणि विचारले, की ज्या तान्ह्या बालकाने अजून काहीच केलेले नाही, ते बाप्तिस्म्यावाचून मेले तर देव त्याला दोषी ठरवितो काय? ठरवीत असेल, तर त्या देवाला न्यायी कसे म्हणावे? ऑगस्टीनने उत्तर दिले, की आदामात सारी मानवजात पापी झाली, म्हणून दोष आहेच, पण त्या बालकांना होणारी शिक्षा अत्यंत सौम्य असेल. ह्या मतासाठी तो पौलाच्या ज्या वचनाचा आधार घेई, त्याचे लॅटिन भाषांतर मूळ ग्रीकापेक्षा वेगळा अर्थ देते, हे पुढे विद्वानांनी दाखविले आहे. पण भाषांतर बाजूला ठेवले तरी ज्युलियनचा प्रश्न उरतोच, आणि वाचकाचे मन येथे ज्युलियनच्या बाजूला जाते. कृपा ही अनुभवाची गोष्ट आहे. तिचे गणित मांडायला बसले, की कोणाला मिळाली आणि कोणाला नाही ह्याचा हिशेब द्यावा लागतो, आणि त्या हिशेबात कृपाळू देवच निष्ठुर दिसू लागतो.

सामान्य साधकांनाही प्रश्न पडले. ४२६ च्या सुमारास हाड्रुमेटम येथील मठातील साधूंनी विचारले, की सारे कृपेनेच होत असेल तर मठाच्या प्रमुखाने चुकणाऱ्याला रागावू नये, फक्त त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असे म्हणायचे काय? प्रश्न मार्मिक होता. ऑगस्टीनने दोन छोटे ग्रंथ लिहून उत्तर दिले. त्याचा सारांश असा, की रागावणे हेही कृपेचे साधन असू शकते, कोणाच्या शब्दाने कोणाचे मन वळेल हे आपल्याला ठाऊक नसते.

अखेरचा तोल ऑगस्टीनच्या मृत्यूनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी साधला. ५२९ मध्ये दक्षिण फ्रान्समधील ऑरेंज येथील धर्मसभेने ठरविले, की सत्कर्माचा आरंभसुद्धा देवाच्या कृपेनेच होतो. ह्यात ऑगस्टीनचा विजय झाला. परंतु देवानेच कोणाला दुष्टपणासाठी नेमून ठेविले आहे, असे म्हणणाऱ्यांचा त्याच सभेने धिक्कार केला. अनुभव ठेवला, निष्ठुर गणित सोडले.

पुढचे पडसाद

एक हजार वर्षांनी हाच वाद नव्याने पेटला. ऑगस्टीनच्या नावाने चालणाऱ्या संघातील एक साधू, मार्टिन लूथर, उपास-तापास करूनही मनाला शांती मिळेना म्हणून तळमळत होता. पौलाच्या पत्रांत त्याला कृपेचा अर्थ सापडला, आणि १५१७ मध्ये पापक्षमेच्या पत्रांच्या व्यापाराविरुद्ध त्याने आवाज उठविला. जी गोष्ट विनामूल्य ती विकता कशी, हाच त्याच्या रागाचा गाभा होता. १५२४ मध्ये इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिले, आणि पुढच्याच वर्षी लूथरने त्याला सडेतोड उत्तर दिले. युरोप फुटला. ह्या प्रश्नावर रोमन कॅथोलिक आणि लूथरपंथी यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या त्या १९९९ च्या ३१ ऑक्टोबरला, ऑग्सबर्ग येथे. जवळजवळ पाच शतके लागली!

आपल्या मराठीतही ही कथा अपरिचित नाही. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज धर्मगुरूने आदामाच्या पतनापासून ख्रिस्ताच्या अवतारापर्यंतची कथा सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत गुंफली आणि ते 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असेच ते सांगत. ह्यात नवल नाही. आपण पतित आहोत आणि देव पतितपावन आहे, ही भाषा वारकऱ्यांच्या दिंडीत वाढलेल्या माणसाला भाषांतर करून सांगावी लागत नाही.

शेवटचा खोलीवास

आता कथेचा शेवट सांगतो. ४३० च्या उन्हाळ्यात व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला. पंचाहत्तर वर्षांचा ऑगस्टीन आत तापाने आजारी पडला. ज्युलियनला द्यावयाचे उत्तर अर्धवट राहिले होते. पोसिडियस त्या वेळी हिप्पोतच होता, आणि तो सांगतो, की बाप्तिस्मा घेतलेल्या चांगल्यातल्या चांगल्या माणसानेही पश्चात्ताप केल्याविना जग सोडू नये, असे ऑगस्टीन नेहमी म्हणत असे. त्याप्रमाणे त्याने दाविदाची पश्चात्तापाची मोजकी स्तोत्रे लिहवून घेतली आणि अंथरुणासमोरच्या भिंतीवर लावविली. अखेरचे सुमारे दहा दिवस वैद्याच्या व जेवणाच्या वेळेखेरीज कोणाला आत येऊ दिले नाही. तो ती स्तोत्रे वाची आणि रडे. २८ ऑगस्टला त्याने देह ठेविला.

पस्तीस वर्षे बिशपाच्या आसनावर बसलेला, परिषदा जिंकलेला, आणि ज्याच्या शब्दावर फर्माने निघाली असा हा पुरुष. शेवटी त्याने भिंतीवर आपले ग्रंथ लावले नाहीत, जिंकलेल्या वादांची यादी लावली नाही. पेअर चोरणाऱ्या मुलाने जो प्रश्न स्वतःला विचारला होता, तोच म्हातारा बिशप विचारीत राहिला. कृपेच्या सिद्धान्तात कोणाचे गणित बरोबर होते, हे पंडित ठरवोत. पण कृपा मानणारा माणूस कसा असावा, ह्याची खूण मला त्या भिंतीवर दिसते. इतरांचा न्याय करण्याची वेळ आली म्हणजे तो आधी स्वतःची पाटी वाचतो. ऑगस्टीनने जेथे ती वाचून लिहिले, तेथे तो गुन्हेगारांचा जीव वाचविण्यासाठी झटला; जेथे वाचावयास विसरला, तेथे त्याने शिपायांना बोलाविले. आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती घरात, कचेरीत, शाळेत लहानसे का होईना, एक न्यायासन असते. त्यावर बसण्यापूर्वी हिप्पोच्या त्या भिंतीची आठवण व्हावी, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.